सोळा आण्यांतला एक आणा

२०२३ च्या जूनमध्ये, पावसाने नुकताच जोर धरला होता तेव्हा, सर माझ्या फोंड्याच्या ऑफिसात आले. हातात छत्री आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक चकचकीत फाईल. फाईलवर सोनेरी अक्षरांत ‘फॅमिली ट्रस्ट’ असे छापलेले. सरांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवले. त्यामुळे ते समोर बसले की मी अजूनही नकळत ताठ होतो.

“तू फक्त एकदा नजर घाल,” ते म्हणाले. “पुढच्या सोमवारी सही करायची आहे.”

पणजीच्या एका हॉटेलात मुंबईहून आलेल्या सल्लागाराचे व्याख्यान झाले होते. चहा-नाश्ता होता आणि ऐकायला निवृत्त मंडळी. मिळकत विश्वस्तांच्या हाती सोपवायची आणि त्यांनी ती घरच्या लाभार्थींसाठी सांभाळायची, असा ट्रस्ट केला की कर नाही, कोर्ट नाही, मुलांत भांडण नाही. शिवाय वारसा कर परत येणार आहे, त्याच्या आत काय ते करून घ्या, असा एकंदर सूर. आपल्याकडचा इस्टेट ड्युटीचा कायदा १९८५ साली बंद झाला. तो परत येणार ही आवई तेव्हापासून दर काही वर्षांनी उठते आणि दर वेळी कुणाचा ना कुणाचा धंदा करून देते. सरांना सांगितलेली फी साडेतीन लाख, कागदपत्रांचा खर्च वेगळा.

पुढे जे घडले ते इथे लिहितो आहे, कारण हाच प्रश्न घेऊन आता महिन्याला दोघेतिघे तरी येतात. सरांच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे. नावे घरगुती आणि बदललेली आहेत, आकडे गोल केले आहेत.

घर

सर तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे, माध्यमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. त्यांच्या पत्नी, आमच्या बाई, एकाहत्तरच्या, सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. दोघांनाही निवृत्तिवेतन. थोरला मुलगा निखिल टोरांटोजवळ असतो, तिकडचाच नागरिक झाला आहे. मधली मेधा लग्न होऊन मडगावला. धाकटी चिमू अडतीस वर्षांची, तिला डाऊन सिंड्रोम आहे. सरांची थोरली बहीण अक्का ऐंशीची, अविवाहित, जन्मापासून त्याच घरात. फाईलमध्ये अक्काचे नाव कुठेही नव्हते. हे मला पहिल्या दिवशी खटकायला हवे होते, खटकले नाही.

मिळकत म्हणजे प्रियोळकडचे वडिलोपार्जित घर, त्याच्या मागे उतरत गेलेले कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग, निखिल शिकायला होता तेव्हा २००४ साली पुण्यात घेतलेला छोटा फ्लॅट, आणि मुदतठेवी. आजच्या भावाने फ्लॅट पन्नास लाखांचा, ठेवी सत्तर लाखांच्या. शेत होते ते कुळकायद्यात कधीच कुळाच्या नावावर गेले. कुळागराच्या एका टोकाला मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे, घर आहे, तीन पिढ्यांचे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि मालकाने ट्रस्ट करो वा न करो, त्यात फरक पडत नाही.

सरांना ट्रस्ट कशाला हवा होता? मी हे विचारले तेव्हा त्यांनी आधी कर सांगितला, मग भांडण सांगितले. पाणी पिऊन झाल्यावर खरे ते बोलले. कुळागर विकले जाऊन तिथे दिल्लीवाल्यांचे व्हिले उभे राहू नयेत. आणि चिमूचे काय.

मी पुढच्या शनिवारी घरी गेलो. चिमू वसरीवर सुपाऱ्यांची रास घेऊन बसली होती. सोललेली सुपारी ती एकेक उचलून बोटांत फिरवायची आणि तीन टोपल्यांपैकी एकीत टाकायची: चांगली, फुटकी, काळवंडलेली. मी दहा मिनिटे बघत होतो, एकदाही चुकली नाही. मात्र किती झाल्या म्हटले की हसायची; मोजणे तिला वीसच्या पुढे जमत नाही. पुढे कुठे राहणार असे बाईंनी माझ्यादेखत तिला विचारले. “हांगाच,” चिमू म्हणाली, आणि आणखी एक सुपारी टोपलीत टाकली.

आधी मालकी

सल्लागाराचा मसुदा चाळीस पानांचा होता. तेराव्या पानावर सरांच्या पश्चात ‘हिंदू वारसा कायद्याप्रमाणे’ वाटे काय पडतील याचा तक्ता होता. तिथे मी फाईल मिटली. गोव्यात १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागूच नाही. इथे १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून चालत आली, मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने ती तशीच ठेवली, आणि वारशापुरता आता गोव्याचा स्वतःचा २०१२ चा कायदा आहे, जो प्रत्यक्षात २०१६ साली अमलात आला. हिंदू असो, ख्रिस्ती असो, मुसलमान असो, वारशाचा नियम एकच. व्याख्यान पणजीत झाले तरी मसुदा ठाण्याचा किंवा इंदूरचा होता.

या कायद्यातल्या दोन गोष्टींवर सरांचे सगळे गणित फिरले.

पहिली, नवरा-बायकोची मिळकत. लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केलेला नसेल तर दोघांचे सगळे एकत्र होते आणि दोघे निम्म्या-निम्म्याचे मालक ठरतात. पगारातून साठवलेले तर खरेच, पण वारशाने आलेलेसुद्धा. कुणाच्या नावावर आहे हा प्रश्न गौण. म्हणून तर गोव्यात साधा प्लॉट विकताना जावई, सुना सगळ्यांना सबरजिस्ट्रारकडे रांगेत उभे करावे लागते. सरांना विचारले, १९७५ साली लग्नाआधी करार केला होता का? ते हसले. “लग्नाआधी हिला बघितली होती हेच पुष्कळ.”

दुसरी गोष्ट म्हणजे मुलांचा हक्काचा वाटा. आपल्या निम्म्यापैकी निम्मे मुलांसाठी राखीव असते. कायद्यात दिलेल्या ठरावीक गंभीर कारणांशिवाय ते त्यांच्यापासून काढून घेता येत नाही. उरलेले निम्मे तेवढे आपल्या मर्जीचे: कुणाला द्या, देवाला द्या, ट्रस्टमध्ये घाला. जिवंतपणी देऊन टाकले म्हणजे सुटलो असेही नाही. माणूस गेल्यावर हिशोब मांडताना दिलेली देणगीही मोजली जाते, आणि मर्जीच्या हद्दीबाहेर गेली असेल तर तेवढी छाटली जाते.

पुण्याचा फ्लॅट तरी यातून सुटेल असे सरांना वाटत होते. सल्लागारानेही तसेच सांगितलेले, की महाराष्ट्रातली मिळकत म्हणजे महाराष्ट्राचा नियम. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्याच एका प्रकरणात नेमका उलट निकाल दिला आहे. गोवेकराची मिळकत भारतात कुठेही असली तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा.

मसुद्यात ट्रस्ट करणारे म्हणून एकट्या सरांची सही होती. बाईंचे नाव लाभार्थींच्या यादीत, मुलांच्या वर. बाईंनी चष्मा लावून ते पान वाचले. तेहेतीस वर्षे नोकरी केलेली बाई. “माझ्याच पैशांची मी लाभार्थी?” एवढेच म्हणाल्या आणि चहा आणायला आत गेल्या. त्यानंतर सोमवारच्या सहीचा विषय घरात निघाला नाही.

फळ्यावरचे गणित

मी एक-चौदाचा, म्हणजे गोव्यातल्या सातबाऱ्याचा, उतारा काढून आणला. घर आणि कुळागर अजून सरांच्या वडिलांच्या नावावर. ते १९७९ साली गेले, आई १९९१ साली. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मिळकत वाटून घेण्याचे कोर्टातले काम, झालेली नाही. म्हणजे कागदोपत्री वाटणीच नाही. गोव्यात अशी घरे गावोगाव आहेत. घरपट्टी भरायची, सुपारी बागायतदार सोसायटीत घालायची, चतुर्थीला सगळ्यांनी जमायचे, आणि आपण मालक आहोत असे धरून चालायचे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

वडिलांना चार मुले: सर, डोंबिवलीला असलेला भाऊ, अक्का, आणि वारलेली धाकटी बहीण, जिची तीन मुले गोव्यातच संसार करून आहेत. ती आणि तिचा नवरा दोघेही आता नाहीत. जिथे सही लागेल तिथे सर, बाई, भाऊ, वहिनी, अक्का, आणि तीन भाचरे आपापल्या जोडीदारांसह. अकरा सह्या.

सरांनी टेबलावरचा माझा वहीचा कागद ओढून घेतला आणि स्वतःच मांडायला लागले. जुना माणूस, अपूर्णांक रुपया-आण्यांतच करतो. घर आणि कुळागर मिळून सोळा आणे. चौघांत वाटले, चार आणे. त्यातले दोन बाईंचे, उरले दोन. त्यातला एक मुलांचा राखीव. पेन थांबले.

“एक आणा,” सर म्हणाले. “चाळीस पाने एका आण्यासाठी?”

हा आकडा मी त्यांना सांगितला असता तर त्यांनी वाद घातला असता. स्वतः काढल्यामुळे तो पटला. माझ्याकडे येणाऱ्यांना हल्ली मी कोरा कागद देतो आणि गप्प बसतो.

ट्रस्ट बरा की मृत्युपत्र बरे, हा प्रश्न घेऊन लोक येतात. गोव्यात त्याच्या आधी एक प्रश्न असतो: तुमच्या हातात आहे किती? उत्तर एक आणा आले तर कुळागर कायमचे राखण्याची भाषा पोकळ आहे. बाकी पंधरा आण्यांचे मालक कबूल असतील तरच ती गोष्ट होईल, आणि ते कबूल असतील तर बहुधा ट्रस्टवाचूनही होईल.

कराचे काय

कर वाचतो या बोलण्याला इथे काहीच आधार नव्हता. कुळागराचे उत्पन्न शेतीचे. सुपारी, नारळ, मिरी, केळी यांवर तसाही प्राप्तिकर नाही. निवृत्तिवेतन ट्रस्टमध्ये जात नाही. राहिले ठेवींचे व्याज. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात गोवेकर नवरा-बायकोसाठी खास कलम होते, ५ए. पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे धरायचे. सत्तर लाखांवर सात टक्क्यांनी चार लाख नव्वद हजार व्याज; ते दोघांच्या रिटर्नमध्ये दोन लाख पंचेचाळीस हजारांप्रमाणे विभागले जात होते.

सल्लागाराचा ट्रस्ट असा होता की कुणाला किती द्यायचे ते विश्वस्त ठरवतील. लाभार्थींचे वाटे ठरलेले नसले की ट्रस्टच्या उत्पन्नावर वरच्या दराने कर बसतो. तीस टक्के आणि वर चार टक्के सेस धरला तरी त्याच व्याजावर एक लाख बावन्न हजार आठशे ऐंशी रुपये. दोघे मिळून त्या व्याजावर सध्या जेवढा कर भरत होते त्याच्या ही रक्कम कितीतरी पुढे. वाटे ठरवून दिले तर ही आपत्ती टळते, आणि ट्रस्ट केव्हाही मोडण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला तर उत्पन्न परत आपल्याच डोक्यावर येते. म्हणजे करापुरते बोलायचे तर फार झाले तर तिथल्या तिथे. शिवाय घरासारखी स्थावर मिळकत ट्रस्टमध्ये घालायची तर १८८२ च्या ट्रस्ट कायद्याने दस्त नोंदवावाच लागतो, म्हणजे स्टँप ड्युटी आणि नोंदणी फी आलीच.

निखिलने व्हिडिओ कॉलवर आणखी एक सांगितले, ते बरोबर होते. परदेशी ट्रस्टमधून पैसे आले की कॅनडात ते वेगळे कळवावे लागते आणि तिथला हिशोबनीस त्याचे वेगळे पैसे घेतो. “बाबा, मला त्यातून वगळा,” तो म्हणाला. जमीन वारशाने मिळायला त्याचे नागरिकत्व आड येत नाही. परदेशस्थाला आपल्याकडे शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र घेता येते. एवढे कळल्यावर त्याला हायसे वाटले.

चिमूपुरते

मग ट्रस्ट नकोच का? इथे माझे मत सरांच्या उलट दिशेने वळले. कुळागरासाठी नको, पण चिमूसाठी हवा.

चिमूला व्यवहार करता येत नाही. तिच्या नावावर पैसे ठेवले तर ते कुणीतरी सांभाळायचे आणि त्या कुणीतरीवर कुणाची नजर नाही. मेधाच्या नावावर ठेवले तर मेधा चांगली आहे, पण मेधाचे म्हणजे निम्मे जावयाचे. जावईही भला माणूस. तरी उद्या त्याच्या धंद्याला खोट बसली तर चिमूच्या औषधाचे पैसे त्यात ओढले जाऊ शकतात. सरांना हे ऐकताना बरे वाटले नाही. मी म्हटले, तुमच्या सासऱ्यांनाही १९७५ साली बरे वाटले नसेल.

पैसा वेगळा, तो सांभाळणारे वेगळे, आणि ज्याच्यासाठी खर्च करायचा तो वेगळा: हे तीन वेगळे ठेवायची गरज खरी असेल तिथे ट्रस्ट उपयोगी पडतो. चिमू ही तशी गरज होती.

पण ट्रस्टच्याही आधी दोन कामे निघाली, दोन्ही जवळजवळ फुकटची. सर आणि बाई दोघे निवृत्तिवेतनधारक. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांमागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, आणि ते जन्मभर. त्यासाठी वैद्यकीय मंडळाचा दाखला देऊन तिचे नाव जिवंतपणीच निवृत्तिवेतनाच्या कागदांत घालून ठेवायचे असते. ते घातलेले नव्हते. सोनेरी अक्षरांच्या फाईलमध्ये याचा उल्लेख नव्हता, आणि खरे सांगायचे तर माझ्याही डोक्यात ते आधी आले नव्हते; बाईंच्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेने सुचवले. महिन्याकाठी येणारी ही रक्कम चिमूचे रोजचे बहुतेक सगळे भागवते. ट्रस्टला मग मोठे आजारपण आणि सोबतीची बाई एवढेच बघायचे.

दुसरे काम पालकत्वाचे. अठरा वर्षांपुढे आईवडील हे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. चिमूसारख्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. फोंडा तालुका २०१५ पासून दक्षिण गोव्यात, म्हणून अर्ज मडगावला. फोंड्याच्या माणसाला सरकारी कामाला मडगाव धरणे अजून अंगवळणी पडलेले नाही. सर पहिल्यांदा सवयीने पणजीच्या बसमध्ये बसले आणि बाणस्तारीला उतरून परत आले.

ट्रस्ट शेवटी असा ठरला. लाभार्थी एकटी चिमू. एकच लाभार्थी म्हणजे वाटा ठरलेला, कर तिच्या दराने. सर आणि बाई दोघेही ट्रस्ट करणारे. आत्ता घालायचे फक्त एक लाख रुपये, स्थावर काही नाही. बाकी पैसा मृत्युपत्रांतून. दोघांची दोन मृत्युपत्रे, नोटरीच्या पुस्तकात नोंदवलेली, दोघांची एकमेकांच्या मृत्युपत्राला संमती. फ्लॅट आणि ठेवी मिळून एक कोटी वीस लाख. प्रत्येकाचे साठ, त्यातले मर्जीचे तीस. दोघांचे मिळून साठ लाख ठेवींमधून ट्रस्टकडे. उरलेले साठ तिन्ही मुलांना वीस-वीस, तेही चिमूला चुकत नाहीत. मेधा आणि निखिल यांच्या हक्काच्या वाट्याला बोट लागलेले नाही, म्हणून उद्या कुणी कोर्टात जाऊन हे मोडू शकत नाही. तसे ते जाणार नाहीत. पण त्यांची पोरे कोण जाणे.

आत्ताच एक लाख घालून ट्रस्ट का सुरू करायचा? कारण आईवडील असतानाच खाते चालते आहे का, विश्वस्त सह्यांना वेळेवर येतात का, ते दिसते. दिसलेच. बँकेतल्या मुलाने धर्मादाय ट्रस्टचा नोंदणी क्रमांक मागितला, आणि खासगी ट्रस्टला तो नसतो हे त्याच्या गळी उतरवायला आम्हाला चार खेपा झाल्या. सर गेल्यावर या चार खेपा मेधाला घालाव्या लागल्या असत्या.

सर्वांत जास्त वेळ गेला विश्वस्त ठरवण्यात. सरांनी माझे नाव सुचवले, मी नाही म्हटले. हिशोब लिहिणारा आणि पैसे खर्चणारा एकच नको. मेधा, सरांचा एक भाचा, आणि बाईंच्या शाळेतली ती सहकारी जिने निवृत्तिवेतनाचे सुचवले. तिघांपैकी दोघांच्या सह्या. चिमूच्या मागे उरेल ते मेधाच्या आणि निखिलच्या मुलांना, म्हणून मेधाने एकटीने खर्च अडवू नये आणि एकटीने करूही नये. तरीही मेधा वर्षभराने म्हणाली की तिला यात अविश्वासाचा वास येतो. तिचे चुकते असे मला वाटत नाही. दस्ताची भाषा घरातल्या माणसाला टोचतेच.

एक कलम मी हट्टाने घालायला लावले. विश्वस्ताने पद एकदा स्वीकारले की ते नुसते पत्र देऊन सोडता येत नाही. कोर्टाची परवानगी लागते किंवा सज्ञान, सक्षम लाभार्थीची संमती लागते. चिमूची तशी संमती घेता येणार नाही. म्हणून पद सोडण्याचा आणि त्या जागी नवा नेमण्याचा अधिकार दस्तातच लिहून ठेवायला हवा. सल्लागाराच्या चाळीस पानांत हे कलम नव्हते. मोबदल्याचेही तसेच: दस्तात लिहिले नसेल तर विश्वस्ताला मोबदला मागता येत नाही. आम्ही येण्याजाण्याचा खर्च तेवढा लिहिला.

अक्का

कुळागराचा प्रश्न तसाच लोंबकळत होता. इन्व्हेंटरी घालायची हे ठरले, त्यासाठी जुने कागद हवे होते. अक्काने माळ्यावरून पत्र्याची पेटी उतरवून घेतली. आत सरांच्या आजोबांच्या वेळचे पार्तिल्यचे, म्हणजे वाटणीचे, कागद, शिक्क्यांचे, कडा वाळवीने खाल्लेल्या. सगळे पोर्तुगीजमध्ये. सर मुक्तीच्या वेळी बारा वर्षांचे, त्यांचे पोर्तुगीज तिथेच राहिले. अक्काने पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्राव केलेले. तिने खिडकीपाशी बसून बोट लावत, ओळ ओळ मोठ्याने वाचली: झर कुणाची, पाटाचे पाणी कुठल्या दिवशी कुणाच्या बाजूला सोडायचे, पलीकडची हद्द कुठल्या आंब्यापर्यंत. तो आंबा आता नाही. तरी पाण्याचा वार अजून तोच पाळतात, हे चिमूनेच सांगितले.

वाचून झाल्यावर अक्काने चष्मा पुसला आणि मला विचारले, “ह्याचा एक आणा, तर माझे किती?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच राहिलो. तिला नवरा नाही, म्हणून निम्मे कुणाचे नाही. मुले नाहीत, आईवडील हयात नाहीत. भावंडांना या कायद्यात राखीव वाटा नाही. तिचे चारच्या चार आणे तिच्या मर्जीचे. अख्ख्या मिळकतीत सर्वांत मोकळा हात तिचा होता, आणि दोन महिन्यांच्या चर्चेत तिला कुणी एका शब्दाने विचारले नव्हते. ती आतबाहेर चहा देत होती.

“चार आणे,” मी म्हटले.

“मग ते चिमूच्या ट्रस्टात घाल,” अक्का म्हणाली. सरांकडे तिने बघितलेही नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत ट्रस्टचा दस्त झाला. त्याच महिन्यात अक्काने फोंड्याच्या सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात मृत्युपत्र केले: आपला अविभाजित चौथा वाटा चिमूसाठी विश्वस्तांकडे. वाचून दाखवू का, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारले. “मीच वाचते,” म्हणाली, आणि साक्षीदारांना उभे ठेवून सगळे वाचले, एका ठिकाणी घराचा सर्व्हे नंबर चुकला होता तो दुरुस्त करून घेतला.

इन्व्हेंटरी फोंड्याच्या दिवाणी न्यायालयात चालू आहे. डोंबिवलीच्या काकांना घरात रस नाही, पैसे हवेत. तीन भाचरांपैकी दोघांचे तसेच, तिसऱ्याला कुळागर हवे आहे. वारसांना तिथे आपापसात बोली लावून मिळकत घेता येते आणि इतरांना फरकाची रक्कम द्यावी लागते. बोली वाढली तर सरांकडे तेवढे पैसे नाहीत. ठेवींतून काढावे तर ते चिमूच्या साठ लाखांतून जातात. यावर घरात अजून एकमत नाही आणि माझ्याकडेही तयार उत्तर नाही. मी बोलीची एक वरची हद्द लिहून दिली आहे, बाई म्हणतात ती फार आहे, सर म्हणतात कमी.

सोनेरी अक्षरांची फाईल अक्काने ठेवून घेतली. पुठ्ठा जाड आहे, तिच्यात आता पार्तिल्यचे कागद आहेत. सरांनी फ्लॅट आणि ठेवींचे मृत्युपत्र केले, पण कुळागरातल्या त्यांच्या एका आण्याचा रकाना कोरा सोडला आहे. निखिल की चिमू, हे ठरत नाही. मागच्या खेपेला गेलो तेव्हा अक्काने त्यांना माझ्यासमोर विचारले, तुझा आणा कुठे घातलास म्हणून. सर म्हणाले, पाऊस जाऊ दे, मग बघू.